शिवाराचा रंगीत नकाशा : रंग मोबाइलचा, खरेपणा दोरीचा

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाचा नकाशा टांगलेला असतो. कडा फाटलेल्या, मध्ये घडीच्या रेघा, त्यावर धूळ. त्यात गटांचे नंबर आहेत, नाला आहे, गाडीवाट आहे. पण ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की त्या नकाशाकडे कोणी पाहत नाही. कारण कोणत्या विहिरीला पाणी आहे आणि कोणती कोरडी पडली, हे त्यात कुठेच नाही. मग 'वरच्या वस्तीला पाणी नाही' आणि 'खालच्या वस्तीलाही नाही' हा वाद नुसता तोंडी चालतो. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या बाजूचा नाला आधी खोल होतो.

आता हाच नकाशा आपल्याला मोबाइलवर काढता येतो आणि हवा तसा रंगवता येतो. पाण्याच्या विहिरी निळ्या, आटत आलेल्या पिवळ्या, आटलेल्या लाल. हे काम अवघड नाही आणि त्याला पैसाही लागत नाही. २०२१ च्या खरिपापासून ई-पीक पाहणी राज्यभर मोबाइलवर सुरू झाली. तेव्हापासून बांधावर उभे राहून मोबाइल उघडणे शेतकऱ्याला नवे राहिलेले नाही. सीना खोऱ्यातल्या माझ्या कामाच्या एका गावात मी असा नकाशा काढला. त्यात माझ्याकडून एक चूक झाली आणि तिची किंमत एका शेतकऱ्याला मोजावी लागली. नकाशा कसा काढावा हे सांगताना ती चूकही सांगणे मला भाग आहे.

तयार नकाशा आणि आपला नकाशा

रंगीत नकाशे काढणारी मोबाइल ॲप दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात नकाशा तयारच मिळतो. देश, राज्ये अशा हद्दी आधीच आखलेल्या असतात. आपण रंग निवडायचा, हद्दीवर बोट लावायचे, की तेवढा भाग रंगतो. खाली रंगांची सूची लिहायची आणि चित्र जतन करायचे. शाळेतल्या मुलांना, तक्ते करणाऱ्यांना हे सोयीचे आहे. परंतु आपल्या गावातले गट, विहिरी, ओढे त्यात कुठून असणार?

दुसऱ्या प्रकारात उपग्रहाने टिपलेले चित्र खाली असते आणि त्यावर आपण स्वतः खुणा करायच्या असतात. गूगल अर्थ हे त्यातले सर्वांना माहीत असलेले. एसडब्ल्यू मॅप्स आणि क्यूफील्ड ही शेतात फिरून माहिती गोळा करण्यासाठीची मोफत ॲप आहेत. विहिरीसाठी ठिपका, नाल्यासाठी रेघ आणि शेतासाठी बंदिस्त आकृती, अशा तीन प्रकारच्या खुणा त्यात करता येतात. प्रत्येक खुणेला रंग देता येतो आणि तिच्याशी माहितीही जोडता येते. गावासाठी हाच प्रकार उपयोगाचा.

पहिला नकाशा

गावात सिमेंट बंधाऱ्याची जागा ठरायची होती. वरची वस्ती म्हणे आमच्याकडे बांधा, खालची म्हणे आमच्याकडे. सरपंच म्हणाले, "साहेब, तुम्ही विहिरींचा नकाशा काढून द्या. ग्रामसभेत लावू, मग बघू कोण काय बोलतंय."

फेब्रुवारीचे दिवस. मी सकाळी लवकर निघायचो. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायचो, किती फूट पाणी उभे आहे ते वहीत लिहायचो आणि मोबाइलवर ठिपका टाकायचो. एका आठवड्यात खालची वस्ती झाली, पुढच्या आठवड्यात वरची. रंग दिले आणि नकाशा पाहिला, तर खाली बहुतेक निळे-पिवळे आणि वर सगळे लाल. मला वाटले, झाले, बंधाऱ्याचा प्रश्न सुटला. त्याच रात्री मी ते चित्र गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले.

ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लागला. वरच्या वस्तीचे लोक खूश, खालचे गप्प. तेवढ्यात मागे बायकांत बसलेल्या एक आजी उठल्या. त्याही वरच्याच वस्तीच्या.

"लेकरा, आमची हीर तू लाल का केली?"

मी म्हणालो, "आजी, चारच फूट पाणी होतं. मी स्वतः मोजलं."

"मोजलं आसंल. पर तू आला त्या आठवड्यात आम्हाला रातची लाइट व्हती. रातभर मोटर चालली. सकाळी हिरीत काय ऱ्हाणार? दुपारच्याला येऊन बघायचं व्हतं, अर्धी हीर भरती आमची."

सभा हसली. मला मात्र घाम फुटला. शेतीपंपाची थ्री फेज वीज आमच्याकडे पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. खालच्या वस्तीत मी गेलो तेव्हा त्यांची पाळी दिवसाची होती. रात्रभर मोटार बंद, विहिरी सकाळपर्यंत भरलेल्या. वरच्या वस्तीत गेलो तेव्हा पाळी रात्रीची, विहिरी नुकत्याच उपसलेल्या. म्हणजे माझा नकाशा पाण्याचा नव्हताच. तो विजेच्या वेळापत्रकाचा होता.

आणखी एक गोष्ट निघाली. लाल दाखवलेल्या एका विहिरीवरून शेततळे भरण्याचे काम चालू होते. पाणी विहिरीतून शेततळ्यात गेले होते. विहिरीला पाणी नाही, असे त्यावरून म्हणता येत नव्हते.

याची किंमत

चूक कळली, नकाशा उतरवला, एवढ्यावर भागले असते तर बरे. वरच्या वस्तीतले एक शेतकरी मुलाच्या शिक्षणासाठी दीड एकर विकत होते. सौदा ठरत आला होता. घेणाऱ्याने व्हॉट्सॲपवरचे चित्र दाखवले आणि म्हणाला, "शेतीखात्याच्या साहेबानीच विहीर लाल दाखवली, या भावात कोण घेईल?" सौदा मोडला.

मी त्यांच्या घरी गेलो. चूक माझी आहे हे सांगितले आणि ग्रुपवर तसे लिहिलेही. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, रंग तुम्ही बदलाल. पण दहा गावात गेलेलं चित्र माघारी येतं का?" पुढे दोन महिन्यांनी त्यांनी जमीन विकलीच, पण आधीपेक्षा कमी भावात.

तोंडी बोललेली गोष्ट लोक वाऱ्यावर सोडतात. रंगवलेली, छापलेली गोष्ट मात्र खरी धरतात आणि त्यात सरकारी माणसाचे नाव असले तर शंकाच घेत नाहीत. त्यामुळे चुकीचा रंगीत नकाशा हा चुकीच्या बोलण्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

दुसरा नकाशा

ग्रामसभेने ठरवले की एकाच दिवशी, एकाच वेळी सगळ्या विहिरी मोजायच्या. आदल्या दिवशी अंधार पडल्यापासून गावातली एकही मोटार चालू करायची नाही. एक रात्र पाणी बंद म्हणजे उसाला, कांद्याला ताण. काहींनी कुरकुर केली, पण सगळ्यांनीच बंद ठेवायची म्हटल्यावर तयार झाले. कॉलेजची पोरे आणि बचत गटाच्या महिला यांच्या जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला एक दोरी, एक वही आणि ठरवून दिलेल्या विहिरी. सूर्य उगवायला सुरुवात झाली आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत संपलेही.

या नकाशात वरची वस्ती सगळी लाल राहिली नाही. आजींची विहीर पिवळ्यात आली. ज्यांचा सौदा मोडला होता, त्यांचीही पिवळ्यात आली. खरा लाल पट्टा निघाला तो दोन्ही वस्त्यांच्या मध्ये, नाल्याच्या एका फाट्याला लागून. दोन्ही बाजूंची माणसे तिथे कमी, म्हणून त्या भागाचे नाव वादात कधी आलेच नव्हते. तिथल्या शेतकऱ्यांनी ग्रामसभेत तोंड उघडले ते त्या दिवशी.

म्हणून बंधारा तिथेच बांधायचा, असे मात्र ठरले नाही. विहीर कुठे आटली ते नकाशा दाखवतो, का आटली ते दाखवत नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे सारखे मुरत नाही. कुठे भेगा असतात, कुठे मुरूम, तर कुठे खाली सलग कठीण थर. ते ओळखायला भूजलाचा जाणकार लागतो. ग्रामसभेने नकाशा जोडून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे पाहणीची मागणी करण्याचा ठराव केला. आधी नाला दाखवून भांडत होतो, आता मोजलेल्या विहिरी दाखवून विचारतो आहोत, हा फरक पडला.

नकाशा असा काढावा

ज्या गावांना हे काम करायचे आहे, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून पुढील क्रम सांगतो. ॲपनुसार बटणांची नावे वेगळी असतील, रीत तीच.

१. आधी प्रश्न ठरवावा. 'गावाचा नकाशा काढू' असे म्हणून काम होत नाही. 'मार्चमध्ये कोणत्या विहिरीला किती पाणी उभे राहते' असा एकच प्रश्न घ्यावा. एका नकाशात एकच गोष्ट रंगवावी. पीक, माती, पाणी सगळे एकावर एक रंगवले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

२. मोजण्याची रीत सर्वांना एक असावी. आमच्याकडे जुनी माणसे विहीर परसात सांगतात. परंतु परसाचा हिशेब माणसागणिक बदलतो, म्हणून फुटातच मोजावे. कठड्यावरून दोरी सोडत असाल तर कठड्याची उंची वजा करावी. पाणी किती खोल आहे आणि पाणी किती उभे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही लिहाव्यात. माळावरच्या विहिरीत पाणी खोल लागणारच, त्यावरून ती वाईट ठरत नाही.

३. खुणेबरोबर कारणही लिहावे. मोजल्याची तारीख व वेळ, मोटार शेवटची कधी चालली, खाली कोणते पीक आहे, शेततळे भरले जाते का, शेजारी बोअर आहे का. ही माहिती ॲपमध्ये त्याच ठिपक्याशी जोडता येते. फोटोही जोडता येतो.

४. पार्श्वभूमीचे चित्र घरूनच उतरवून घ्यावे. शिवारात नेटवर्क मिळेलच असे नाही. ज्या ॲपमध्ये नकाशा आधी साठवून ठेवण्याची सोय आहे, ते घ्यावे. ठिपका टाकण्यासाठी इंटरनेट लागत नाही, उपग्रहाचा सिग्नल पुरतो. मात्र झाडाखाली किंवा विहिरीत वाकून उभे राहू नये. मोकळ्यात उभे राहून मिनिटभर थांबावे आणि मग खूण करावी.

५. प्रत्येक रंगासाठी वेगळा थर करावा. निळ्या विहिरींचा एक, पिवळ्यांचा एक, लालांचा एक. पुढच्या वेळी मोजणी झाली की विहीर एका थरातून दुसऱ्यात घालणे सोपे जाते. जुनी फाइल पुसू नये, नवीन तारखेने वेगळी ठेवावी. दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवल्यावर जे दिसते, ते एका नकाशात दिसत नाही.

६. कच्चा नकाशा आधी वस्तीवर न्यावा. मंदिराच्या पारावर किंवा शाळेत लावावा आणि 'यात काय चुकलंय?' असेच विचारावे. 'बरोबर आहे का?' असे विचारले की लोक साहेबाच्या भिडेने मान डोलावतात. बायकांना जरूर विचारावे. विहिरीवर त्यांचे रोजचे जाणे-येणे असते.

७. दुरुस्ती झाल्यावर ग्रामसभेत वाचून मगच वाटावा. नकाशावर तारीख, मोजणीची रीत आणि रंगांचा अर्थ लिहिलेला असावा. शेतकऱ्यांची नावे घालू नयेत, विहिरींना क्रमांक द्यावेत. नावांची यादी ग्रामपंचायतीत ठेवावी. ज्या दिवशी नकाशा पुरा झाला, त्या दिवशीच तो मोबाइलवरून फिरवण्याची घाई करू नये. ती घाई मी केली होती.

रंगाचे चार नियम

रंग म्हणजे शोभा नाही, तो अर्थ आहे. किती फुटांपर्यंत लाल आणि किती फुटांपासून निळा, हे मोजणीच्या आधी ठरवावे. आकडे पाहून नंतर मर्यादा सरकवली तर कोणालाही सोयीचा नकाशा करता येतो. एक फूट इकडेतिकडे केले की पिवळी विहीर लाल होते आणि अख्खा भाग दुष्काळी दिसतो.

दुसरे, लाल आणि हिरवा ही जोडी शक्यतो टाळावी. हे दोन रंग वेगळे न ओळखता येणारी माणसे गावोगाव असतात, पुरुषांत जास्त. निळा, पिवळा, लाल घ्यावेत आणि ठिपक्याशेजारी अक्षर किंवा आकडाही लिहावा. तालुक्याला झेरॉक्स काढली की रंग जातात आणि नुसते काळे ठिपके राहतात. तेव्हा ते अक्षरच उपयोगी पडते.

तिसरे, जिथे मोजले तिथेच रंग द्यावा. विहीर मोजली तर ठिपका रंगवावा, गट रंगवू नये. पाच एकरांच्या गटात कोपऱ्यात एक विहीर आणि सगळा गट निळा केला, तर पाहणाऱ्याला पाच एकर बागायत वाटते. जे मोजले नाही ते पांढरे ठेवावे. पांढरी जागा म्हणजे 'अजून माहीत नाही', आणि तेही गावाला कळले पाहिजे.

चौथे, मोठ्या नकाशाचा रंग आपल्या शेताला लावू नये. भूजलाच्या सरकारी नकाशात दरवर्षी मुरणाऱ्या पाण्याच्या तुलनेत उपसा ७० टक्क्यांपर्यंत असला तर क्षेत्र सुरक्षित धरतात. ७० ते ९० टक्के म्हणजे अंशतः शोषित, ९० ते १०० म्हणजे शोषित आणि १०० च्या वर गेला तर अतिशोषित. हा हिशेब तालुका किंवा पाणलोट अशा मोठ्या क्षेत्राचा असतो. सुरक्षित क्षेत्रातही एखादी वाडी टँकरवर असते.

मातीच्या रंगाबाबत

काही गावांतले तरुण जमीन आरोग्य पत्रिकेवरून गट रंगवू पाहतात. कल्पना चांगली आहे. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम आणि त्यावर जास्त, असे सर्वसाधारणपणे धरतात. या तीन पट्ट्यांना तीन रंग दिले की शेणखत, हिरवळीचे खत कुठे आधी लागेल ते दिसते.

मात्र एक काळजी घ्यावी. २०१५ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा नमुने चौकटी आखून घेतले गेले. बागायतीत २.५ हेक्टरला एक आणि जिरायतीत १० हेक्टरला एक. जिरायतीतल्या १० हेक्टरांत पाच-सहा जणांची शेते सहज बसतात. कोणाची माती काळी, कोणाची मुरमाड, आकडा मात्र सगळ्यांना एकच. अशा पत्रिकेवरून प्रत्येक गट वेगळा रंगवला तर नकाशा खोटी बारकाई दाखवतो. ज्याला स्वतःच्या शेताचा रंग हवा, त्याने स्वतःच्या शेतातला नमुना काढून तपासून घ्यावा.

बांधाच्या भांडणात हा नकाशा आणू नये

हे तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मुद्दाम लोकांना सांगावे. साध्या मोबाइलची खूण मोकळ्या आकाशाखालीसुद्धा सुमारे पाच मीटर इकडेतिकडे असू शकते. झाडी किंवा इमारतीजवळ त्याहून जास्त. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. पाच मीटर म्हणजे सोळा फुटांहून जास्त, गुंठ्याच्या बाजूची जवळजवळ निम्मी लांबी. विहीर कुठे आहे हे दाखवायला एवढा फरक चालतो. बांध कोणाचा हे ठरवायला अजिबात चालत नाही.

गटाचा आकार 'महाभूनकाशा' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. परंतु तो उपग्रहाच्या चित्रावर ठेवला की काही ठिकाणी सरकलेला दिसतो. त्यावरून 'भावाने माझे चार गुंठे दाबले' असा निष्कर्ष काढून कोणी कुदळ उचलू नये. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करावा.

शेवटी

जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवण्याची रीत घालून दिली, तेव्हा हातात मोबाइल नव्हता. पर्जन्यमापक, विहिरींची पातळी आणि ग्रामसभा एवढ्यावर ते काम उभे राहिले. आता मोबाइलमुळे तेच आकडे सगळ्यांना एका नजरेत दिसू शकतात, एवढी भर पडली आहे. आकडे आणायला अजूनही विहिरीवर जावे लागते आणि दोरी सोडावी लागते.

आमच्या गावात आता पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये, मग जानेवारीत आणि मार्चमध्ये अशी तीन वेळा मोजणी करायचे ठरले आहे. ऑक्टोबरचा नकाशा पाहून रब्बीला काय पेरायचे ते बोलता येईल आणि मार्चचा पाहून उन्हाळी पीक घ्यायचे की नाही ते. प्रत्येक मोजणीच्या आदल्या रात्री मोटारी बंद राहतील. कच्चा नकाशा आधी आजींना दाखवायचा, असे पोरांनी गमतीने ठरवले आहे. मी मात्र ते गमतीने घेतलेले नाही.